बोटभर मावळ्यांच्या संगतीत

कोजागरीचे आटीव दूध पिऊन झाले, की आमच्या घरातील एक जुना पत्र्याचा डबा माळ्यावरून खाली उतरतो. डब्यात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवलेले सैन्य असते. तीस-पस्तीस मावळे, दोन तुतारीवाले, एक तोफ, चार गाई, एक गवळण आणि शेपूट तुटलेला एक वाघ. वर्षभराच्या अंधारवासात कोणाच्या पागोट्याचा रंग उडालेला असतो, कोणाच्या ढालीचे टवके निघालेले असतात. या मंडळींना वसुबारसेपूर्वी किल्ल्यावर रुजू व्हावयाचे असते. मध्ये उरतात अकरा-बारा रात्री. त्या रात्री आमच्या वर्षातील सर्वांत निवांत रात्री होत, हे सांगितले तर वाचकांस थोडे नवल वाटेल.

आम्ही सरावलीचे. बोईसरला खेटून असलेल्या या गावाचा दिवस तारापूर औद्योगिक वसाहतीच्या पाळ्यांवर चालतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. आम्हीही अनेक वर्षे या चक्रात काढली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला अंथरूण मिळते, पण झोप मिळेलच असे नाही; यंत्रांची घरघर कानांतून लवकर जात नाही. अशाच एका पहाटे मुलाने अर्धवट सोडलेला मावळा आम्ही सहज हाती घेतला. पागोटे रंगवून झाले तेव्हा खिडकीत ऊन आले होते आणि कानांतील घरघर थांबली होती. त्या दिवसापासून हा छंद जडला, तो मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला तरी सुटला नाही.

मोठ्या माणसाने असले खेळ खेळावेत काय, असे विचारणारे आप्त आम्हांसही आहेत. त्यांना आम्ही एच. जी. वेल्स यांचे नाव सांगतो. या विख्यात इंग्रज कादंबरीकाराने खेळण्यांतील सैनिकांच्या लढायांवर १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तकच लिहिले. आजही युरोप-अमेरिकेत इंच-सव्वा इंच उंचीचे सैनिक भिंगाखाली धरून रंगविणारी प्रौढ माणसे पुष्कळ आहेत. आपल्याकडे मात्र हे काम मुलांचे ठरले, आणि अलीकडे तर मुलांचेही राहिलेले नाही. बाजारात रंगवूनच आलेले मावळे मिळतात. सर्वांची मिशी एक, सर्वांचा चेहरा एक. वस्तुतः मावळ्यांना एकसारखा गणवेश नव्हता. ज्याचे त्याचे पागोटे, ज्याची त्याची बाराबंदी. म्हणून आम्ही बोईसरच्या बाजारात कोरे, पांढरे मावळे मिळतात का, हे आधी पाहतो. मिळणे दरवर्षी अवघड होत चालले आहे. तयार सैन्य घरी आणणाऱ्यांचे पैसे वाचतात की नाही कोण जाणे, पण त्या अकरा-बारा रात्री त्यांच्या घरातून गेल्या, एवढे खरे.

कामाची रीत साधी आहे. प्लास्टरची मूर्ती पाणी पिते, त्यामुळे तिला आधी पातळ पांढऱ्या रंगाचे अस्तर द्यावे. मूर्ती हातात धरू नये. मेणबत्तीच्या थेंबाने बाटलीच्या बुचावर चिकटवावी आणि बूच धरावे. मग आतून बाहेर यावे, म्हणजे प्रथम अंगाचा रंग, नंतर वस्त्रे, मग शेला, शेवटी तलवार-ढाल. दाट रंगाच्या एका हातापेक्षा पातळ रंगाचे दोन हात केव्हाही बरे. दोन्ही कोपरे मेजावर टेकवावीत, मनगटाला मनगट लावावे, श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावे आणि त्या क्षणात रेघ ओढावी. या थांबण्यातच सारी विश्रांती आहे. अंगठ्याएवढ्या जागेत चित्त गुंतले, की घराचा हप्ता, उद्याची पाळी, भावाशी झालेली बोलाचाली यांना आत यावयास जागाच उरत नाही.

एक इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. दारे-खिडक्या रंगवून उरलेल्या जुन्या डब्यातील तैलरंग मुलांच्या हाती देऊ नये. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करण्याची सवय आम्हांसही होती. ती सोडण्यास फार वर्षे लागली.

२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा त्या वर्षी इमारतीतील मुलांनी रायगड की प्रतापगड यावर मोठा वाद घातला. आम्ही सुचविले, आपला तारापूरचा किल्ला करा. तो यादीत नाही, पण आपल्या शेजारचा आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला आणि त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा पडला. पुढे मे महिन्यात वसई आली. मुलांना हे पटले. अडचण एवढीच, की बाजारात टोपीकर मिळत नाहीत! शेवटी सहा मावळ्यांची पागोटी कानशीने घासून काढली आणि कणकेच्या टोप्या बसविल्या. त्या रात्रीच उंदरांनी खाल्ल्या. मग सुताराकडून चिमूटभर लांबी आणून पुन्हा टोप्या केल्या. मावळ्याला टोपीकर करताना हात थोडा कचरला, हे आम्ही लपवीत नाही.

सर्वांत अवघड काम डोळ्यांचे. आमच्या या पालघर जिल्ह्यातील वारली बांधव गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने दोन त्रिकोण आणि एक गोल काढतात, आणि माणूस नाचू लागतो. त्याला डोळे नसतात, तरी तो जिवंत असतो. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे साऱ्या जगापुढे नेली. आमच्या मावळ्याला मात्र ती सवलत नाही. डोळे काढीपर्यंत तो निव्वळ प्लास्टर असतो. बुबुळाच्या चारी बाजूंना पांढरे दिसू दिले, तर शूर गडी भ्यालेला दिसतो. बुबुळ वरच्या पापणीला टेकले, की नजर ठरते.

गेली तीन वर्षे हे काम आम्हांस होत नाही. चष्मा बदलला, दिवा जवळ घेतला, भिंगही आणले; पण टोकाचा तो ठिपका पडताना हात हलतो. पहिल्या वर्षी दहा मावळे तिरळे झाले, तेव्हा डबा कायमचा बंद करावा असे मनात आले होते. तसे केले नाही, कारण शेजारच्या घरातील आठवीत शिकणारी मुलगी दारात उभी राहून पाहत होती. आता पागोटी, शेले, ढाली आमच्याकडे आणि डोळे तिच्याकडे, अशी वाटणी झाली आहे. ती शून्य क्रमांकाचा कुंचला हाती घेते, तेव्हा आम्ही पंखा बंद करतो.

तारापूरच्या किल्ल्याच्या वेळी शेवटचा टोपीकर तिच्यापुढे होता. तिने कुंचला उचलला आणि थांबून विचारले, “आजोबा, याची नजर कुठे ठेवू? मावळ्यांकडे?”

आम्ही म्हणालो, “त्याला समुद्राकडे पाहू दे. त्याची गलबते यायची असतील.”