अडॉप्ट की अडॅप्ट?

आपल्या शाळेच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका रोज म्हटली जाते. गतवर्षी संविधान दिनी इयत्ता नववीचा एक विद्यार्थी ती इंग्रजीतून फळ्यावर लिहीत असता ‘अडॉप्ट’ या शब्दात ‘ओ’च्या जागी ‘ए’ लिहून गेला. शुद्धलेखनाची चूक समजून आम्ही ते अक्षर पुसले. त्यावर त्याने विचारले, “सर, दोन्हींचा अर्थ स्वीकारणे असाच ना?” त्या क्षणी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी दिलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिनमध्ये आहे. अडॉप्टच्या मुळाशी ‘निवडणे’ हा अर्थ आहे. ‘ऑप्शन’ हा आपल्या परिचयाचा शब्द त्याच कुळातला. अडॅप्टच्या मुळाशी ‘जुळता’, ‘योग्य’ हा अर्थ. मूल दत्तक घेणे म्हणजे अडॉप्ट करणे: मूल तेच राहते, नाते नवे जडते. उलट, शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले, तेव्हा लंडनची एलायझा मराठमोळी मंजुळा झाली. हे अडॅप्ट करणे, म्हणजेच रूपांतर. मोबाईलच्या अडॅप्टरचे नावही यावरूनच पडले. घरातील २३० व्होल्टची वीज तो फोनला सोसेल अशी करून देतो. (मुलांना हेच उदाहरण सर्वांत लवकर पटते.) ‘अडेप्ट’ असा तिसराही शब्द आहे. त्याचा अर्थ निष्णात. तो तूर्त बाजूला ठेवू.

संविधानात हे दोन्ही शब्द आढळतात, मात्र निरनिराळ्या ठिकाणी. उद्देशिकेत अडॉप्ट आहे; मराठीत ‘अंगीकृत’. अनुच्छेद ३७२ मध्ये अडॅप्टचे नामरूप येते, मराठीत ‘अनुकूलन’. पूर्वीचे कायदे चालू राहतील, परंतु संविधानाशी त्यांचा मेळ बसावा म्हणून राष्ट्रपती आदेशाद्वारे त्यांत फेरफार करू शकतील, अशी तेथे तरतूद आहे. म्हणजे जुळवून घ्यायचे ते जुन्या कायद्यांनी. उद्देशिकेत ‘ओ’चा ‘ए’ झाला, तर आम्ही संविधानच आमच्या सोयीनुसार बदलून घेत आहोत, असा भलताच अर्थ निघेल.

हिंगोलीकरांना हा भेद आपल्याच इतिहासात पाहता येतो. हिंगोली त्या काळी हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होती. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने हैदराबादसाठी भारताचे संविधान स्वीकारण्यात आले. हा अंगीकार. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा हैदराबादचे अनेक कायदे रद्द न होता आवश्यक फेरफारांसह चालू राहिले. १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम त्यांपैकीच एक. कित्येक पालकांना त्याचे नाव जमिनीच्या व्यवहारात ऐकून ठाऊक असेल. हे अनुकूलन.

येथे एक शंका रास्त आहे. संविधानातील पुष्कळ भाग १९३५ च्या कायद्यातून व अन्य देशांच्या संविधानांतून घेतलेला आहे. मग ते अडॅप्टच केलेले नव्हे काय? हाच आक्षेप संविधान सभेतही निघाला होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे घेतल्याचे मोकळेपणाने मान्य केले आणि त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही, असे सांगितले. आमच्या मते, मसुदा तयार करताना जे झाले त्याला अडॅप्ट म्हणण्यास हरकत नाही. परंतु २६ नोव्हेंबर १९४९ रोजी सिद्ध झालेले संविधान लोकांच्या नावे आपलेसे केले गेले, आणि उद्देशिकेतील क्रियापद त्या कृतीचे आहे.

धम्मदीक्षेवरील इंग्रजी निबंधांतही विद्यार्थी हीच चूक करतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्माचा स्वीकार केला. त्या वाक्यातही ‘ओ’च हवा.

हे सारे ऐकून घेतल्यावर त्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारलाच: “मग घटनादुरुस्तीला काय म्हणायचे?” तिचा शब्द वेगळा आहे, अमेंडमेंट; तिची रीत अनुच्छेद ३६८ मध्ये दिली आहे.