धक्क्यावर ठणठणीत, भाराखाली हतबल: आउटबोर्ड मोटरच्या दुखण्याचे निदान

मेरीलँड किंवा व्हर्जिनियात राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांच्या घरी ट्रेलरवर लहान बोट आहे, त्यांना पुढील प्रसंग अपरिचित वाटणार नाही. शनिवारी सकाळी चेसापीक बेच्या धक्क्यावर मोटर पहिल्याच चावीला सुरू होते. आवाज सुरळीत असतो. पाच माणसे, जेवणाचे डबे आणि बर्फाची पेटी घेऊन बोट मोकळ्या पाण्यात येते. थ्रॉटल पुढे सरकवताच मोटर क्षणभर उसळते आणि मग टॅकोमीटरचा काटा 3,000 वर अडकून राहतो. बोटीचे नाक वर उचललेलेच राहते, वेग येत नाही. थ्रॉटल मागे घेतला की सारे पुन्हा पूर्ववत. उन्हाळ्यात या भागात दुपारी गडगडाटी वादळे येतात. मुले बोटीवर असताना ढग भरून आले, तर परतीच्या प्रवासात हे दुखणे केवळ गैरसोयीचे राहत नाही.

धक्क्यावर मोटर नीट चालली, यावरून फारच थोडे सिद्ध होते. ढोबळ हिशेबाने चार स्ट्रोकची 60 अश्वशक्तीची मोटर पूर्ण वेगात ताशी सुमारे 6 गॅलन, म्हणजे 22 लिटरच्या आसपास पेट्रोल घेते. मंद चालताना तिला याचा अगदी लहानसा अंश पुरतो. अर्धवट तुंबलेली नळी तेवढे इंधन सहज पुरवते. मोटरची खरी परीक्षा भाराखालीच होते.

निदानाची सुरुवात हत्यारांच्या पेटीने नव्हे, तर टॅकोमीटरने करावी. काटा चढतो आहे, पण बोट पुढे जात नाही, असे असेल तर मोटर निर्दोष आहे आणि तिची ताकद पाण्यापर्यंत पोहोचत नाही. प्रोपेलरच्या मध्यभागी असलेला रबरी हब एखाद्या ओंडक्याच्या आघाताने सैल झाला, की आतला भाग फिरतो आणि बाहेरची पाती मागे राहतात. शंका असल्यास हबच्या आतील व बाहेरील भागांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. फेरफटक्यानंतर ती तुटलेली दिसली, तर निदान पक्के. मोटर अधिक उंचीवर बसवली असल्यास प्रोपेलर हवा ओढतो आणि लक्षण तसेच दिसते.

याउलट फेरेच चढत नसतील, तर दोन शक्यता उरतात: ओझे वाजवीपेक्षा अधिक आहे, किंवा मोटर अशक्त आहे. बोटीत साचलेले पाणी, तळाला चिकटलेले शंखशिंपले, प्रोपेलरभोवती गुंडाळलेली मासेमारीची दोरी ही ओझ्याची कारणे आधी तपासावीत. प्रोपेलर नुकताच बदलला असेल, तर त्याचा पिच पाहावा. पिच एका इंचाने वाढला, की पूर्ण वेगातील फेरे साधारण 150 ते 200 ने उतरतात. पूर्ण थ्रॉटलवर किती फेरे अपेक्षित आहेत, हे मोटरच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक चार स्ट्रोक मोटरींसाठी ही मर्यादा 5,000 ते 6,000 च्या दरम्यान असते.

ओझे वाजवी असूनही फेरे उतरत असतील, तर पहिला संशय इंधनावर घ्यावा. इंधननळीवरचा हाताने दाबायचा रबरी गोळा, म्हणजे प्रायमर बल्ब, येथे उत्तम साक्षीदार ठरतो. एकाने सुकाणू सांभाळावे आणि मोटर दमताच दुसऱ्याने तो गोळा पाहावा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. जुन्या सुट्या टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडायचा राहून गेला असण्याची शक्यता सर्वांत मोठी. गोळा दाबत राहिल्याने ताकद परत येत असेल, तर इंधनपंप दुबळा आहे किंवा एखाद्या जोडातून नळीत हवा शिरते आहे.

यानंतर पाणी वेगळे करणारा फिल्टर तपासावा. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते आणि पाणी फार झाले, की त्यासह टाकीच्या तळाशी वेगळे होते. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या बोटीत हे हमखास घडू शकते. फिल्टरमधील इंधन स्वच्छ काचेच्या भांड्यात ओतून थोडा वेळ ठेवले, तर तळाला वेगळा थर दिसतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटरीत साठलेल्या पेट्रोलचा चिकट थर मुख्य जेट बुजवतो. मंद चालीचा जेट वेगळा असल्याने धक्क्यावर त्याचा पत्ता लागत नाही. अपुऱ्या इंधनावर मोटर रेटत नेल्यास पिस्टन जळू शकतो. तीस डॉलरच्या फिल्टरचे दुखणे मग हजारो डॉलरवर जाते.

इंधन निर्दोष निघाले, तर प्रज्वलनाकडे वळावे. भाराखाली सिलिंडरमधील दाब वाढतो आणि ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते. दुबळी कॉइल किंवा झिजलेला प्लग तेथेच कच खातो आणि मोटर धक्के देऊ लागते. शेवटी कॉम्प्रेशन मोजावे. सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर मेकॅनिक गाठणेच शहाणपणाचे.

एका लक्षणाला मात्र हा क्रम लागू नाही. धोक्याचा भोंगा वाजला किंवा मोटरच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, तर मोटर तत्काळ बंद करावी. बऱ्याच आधुनिक मोटरी तापल्यावर स्वतःहून वेग उतरवतात. अशा वेळी पाणी ओढण्याच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी अडकली आहे का, हे प्रथम पाहावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी मोटर बंद करून आपत्कालीन स्विचची दोरी काढून ठेवावी. मोटर चालू असताना तीच दोरी चालकाच्या अंगाला जोडलेली असावी. 26 फुटांहून लहान बहुतेक बोटींवर तसे करणे 1 एप्रिल 2021 पासून संघीय कायद्याने बंधनकारक आहे.

हंगामाच्या पहिल्या सफरीपूर्वी एकदा मोजके प्रौढ घेऊन, किनाऱ्यालगत, पूर्ण थ्रॉटलवर काही मिनिटे बोट चालवून पाहावी आणि फेऱ्यांचा आकडा वहीत टिपून ठेवावा. सुटा फिल्टर, वल्हे, नांगर आणि चॅनल 16 वर बोलता येईल असा व्हीएचएफ रेडिओ बोटीत असावा. पुढे कधी काटा अडखळला, तर वहीतला आकडा सांगेल की दुखणे नवे आहे की जुने. त्या दिवशी सफर आवरती घेऊन सावकाश धक्क्याकडे परतण्यात कमीपणा नाही.