लाइन गेली, कमांडही गेली?

लिनक्सचं टर्मिनल तुमच्या कमांड कधी जपतं, कधी विसरतं आणि कधी भलत्यालाच दाखवतं? पाच मिनिटांचं सेटिंग करा आणि ते तुमच्या हातात घ्या!

समजा, दुपारपासून तुम्ही लिनक्सवर प्रोजेक्ट चालवायच्या मागे लागला आहात. पंचवीस वेळा एरर आली, सव्विसाव्या वेळी डेटाबेस जोडला गेला. नेमकी कोणती कमांड चालली ते वहीत लिहू म्हणता म्हणता बाहेर वारं सुटतं, पावसाचे चार थेंब पडतात आणि लाइन जाते. यवतमाळात हे काही नवं नाही. पुसद, वणी, दारव्ह्यातही नाही. तासाभरानं लाइन येते. तुम्ही पीसी सुरू करता, टर्मिनल उघडता, कीबोर्डवरचा वरचा बाण दाबता आणि समोर येते कालची कमांड. आजची एकही नाही.

कोडची फाइल सेव्ह केली होती, ती जागेवर आहे. गेलं ते ‘कसं केलं’ हे. आणि शिकणाऱ्यासाठी तेच तर महत्त्वाचं असतं.

आता याची दुसरी बाजू बघा. कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही घाईघाईत एक कमांड दिली, तिच्यातच पासवर्ड होता. तास संपला, तुम्ही टर्मिनल नीट बंद केलं, निघालात. पुढच्या बॅचचा मुलगा त्याच पीसीवर, त्याच लॉगिनला बसला. त्यानं वरचा बाण दाबला आणि तुमचा पासवर्ड त्याच्यासमोर!

म्हणजे जे राहायला हवं ते गेलं आणि जे जायला हवं होतं ते राहिलं. हे नशीब नाही, सेटिंग आहे. आणि ते बदलता येतं.

हिस्ट्री लिहिली कधी जाते?

टर्मिनलमध्ये आपण जे टाइप करतो ते वाचून कामाला लावणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. उबंटूसारख्या बहुतेक लिनक्समध्ये हा शेल म्हणजे ‘बॅश’. ब्रायन फॉक्स यांनी तो 1989 मध्ये लिहिला. नंतर अमेरिकेतले चेट रेमी यांनी तो हाती घेतला आणि गेली तीसहून अधिक वर्षं तेच तो सांभाळत आहेत. जुन्या कमांड लक्षात ठेवायची कल्पना मात्र त्याहून जुनी. 1970 च्या दशकाच्या शेवटी बर्कलेच्या विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्यानं ‘सी शेल’ तयार केला, त्यात ती होती. दोन उद्गारचिन्हं टाइप केली की मागची कमांड पुन्हा चालते, ही आजही बॅशमध्ये चालणारी युक्ती तिथलीच.

बॅशची गंमत अशी आहे. तुम्ही टाइप केलेली कमांड तो लगेच फाइलमध्ये लिहीत नाही. आधी मेमरीत ठेवतो. टर्मिनल बंद झालं, की मग तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट बॅश अंडरस्कोर हिस्ट्री’ या लपलेल्या फाइलमध्ये उतरवतो. दिवसभराची उधारी डोक्यात ठेवून रात्री शटर पाडताना वहीत लिहिणाऱ्या दुकानदारासारखं! शटर नीट पडलं तर हिशेब बरोबर. मधेच लाइन गेली आणि पीसीच बंद पडला, तर बॅशला लिहायची संधीच मिळत नाही.

लॅपटॉपवाल्यांना बॅटरी वाचवते. पण घरी यूपीएसशिवायचा जुना डेस्कटॉप असेल, किंवा फोनवर ‘टर्मक्स’ टाकून शिकत असाल आणि फोननं मेमरी मोकळी करायला ते ॲप परस्पर बंद केलं, तर गत तीच.

दोन टर्मिनल एकाच वेळी उघडी असली की आणखी एक घोळ होतो. प्रत्येक टर्मिनल उघडताना त्या वहीची जणू झेरॉक्स काढून घेतं आणि पुढचं सगळं आपल्याच झेरॉक्सवर लिहितं. त्यामुळे डावीकडच्या खिडकीत दिलेली कमांड उजवीकडच्या खिडकीत शोधून सापडत नाही. आणि मूळ वहीत नोंदी उतरतात त्या खिडक्या ज्या क्रमानं बंद केल्या त्या क्रमानं, कामाच्या क्रमानं नाही.

आधी तुमची वही बघा

इथून पुढे कमांड आपण वाचतो तशा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. ‘डॅश’ म्हणजे आडवी रेघ, ‘अंडरस्कोर’ म्हणजे खालची रेघ.

पहिलं काम, तुमचा शेल कोणता ते बघा. ‘इको’, जागा, डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून शून्य, असं टाइप करून एंटर दाबा. उत्तरात बॅश आलं तर हे सगळं तुमच्यासाठी. ‘झेडशेल’ आलं तर थोडं पुढे तुमच्यासाठीही आहे.

मग नुसतं ‘हिस्ट्री’ टाइप करा. आकड्यांसह यादी येईल. बॅशची मूळ मर्यादा 500 कमांडची. उबंटूनं ती वाढवून मेमरीत 1000 आणि फाइलमध्ये 2000 ओळी अशी दिलेली असते. ऐकायला भरपूर वाटतं, पण रोज टर्मिनलवर बसणाऱ्याच्या 2000 ओळी बघता बघता भरतात आणि मग जुन्या ओळी गळायला लागतात.

कंट्रोल आणि आर एकत्र दाबायची सवयही आजच लावून घ्या. मग कमांडमधला आठवतो तेवढा तुकडा टाइप करा, बॅश मागे जाऊन ती कमांड शोधून देतो. चाळीस वेळा बाण दाबत बसायची गरज नाही.

पाच बदल, एकदाच

होम फोल्डरमध्ये ‘डॉट बॅशआरसी’ नावाची फाइल असते. ‘नॅनो’सारख्या एडिटरमध्ये ती उघडा. शेवटी पुढच्या ओळी घाला. पण त्याआधी फाइलची एक कॉपी काढून ठेवा. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही, हे विसरू नका. ज्यांच्यापुढे बरोबरचं चिन्ह येतं ती सगळी नावं कॅपिटल अक्षरांत लिहायची.

एक, वही मोठी करा. ‘हिस्टसाइझ’ बरोबर 10000. पुढच्या ओळीत ‘हिस्टफाइलसाइझ’ बरोबर 20000. पहिला आकडा मेमरीचा, दुसरा फाइलचा. साध्या मजकुराची फाइल आहे, डिस्कवर ती नगण्य जागा घेते.

दोन, जुन्यावर नवं लिहू नका, खाली जोडा. ‘शॉप्ट’, जागा, ‘डॅश एस’, जागा, ‘हिस्टअपेंड’. उबंटू आणि डेबियनमध्ये हे बहुधा आधीच असतं. तरी नजर टाका.

तीन, लगेच लिहा. सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. ‘प्रॉम्प्ट अंडरस्कोर कमांड’ बरोबर, आणि पुढे एकेरी अवतरणात ‘हिस्ट्री डॅश ए’. ‘हिस्ट्री’ आणि ‘डॅश’मध्ये एक जागा हवी. या ओळीमुळे एक कमांड संपून पुढचा प्रॉम्प्ट दिसायच्या आत ती कमांड फाइलमध्ये उतरते. आम्हा पत्रकारितेच्या पोरांना सांगतात ना, नोंद जागेवरच करा, ऑफिसात जाऊन आठवत बसू नका. तसंच हे. आता लाइन गेली तर गेली, फार तर अगदी शेवटच्या काही कमांड जातील.

चार, तारीख-वेळ टाका. ‘हिस्टटाइमफॉरमॅट’ बरोबर, मग एकेरी अवतरणात टक्क्याचं चिन्ह आणि कॅपिटल एफ, जागा, टक्क्याचं चिन्ह आणि कॅपिटल टी, पुन्हा एक जागा. आता ‘हिस्ट्री’ म्हटलं की प्रत्येक कमांडपुढे ती कधी दिली ते दिसेल. हे सेटिंग करण्याआधीच्या कमांडना मात्र खरी वेळ मिळणार नाही.

पाच, काय लिहायचं नाही तेही ठरवा. ‘हिस्टकंट्रोल’ बरोबर ‘इग्नोअरबोथ’. उबंटूत हेही आधीच असतं. याचे दोन फायदे. तीच कमांड लागोपाठ दहा वेळा दिली तरी नोंद एकदाच होते. आणि कमांडच्या आधी एक स्पेस देऊन सुरुवात केली, तर ती नोंदलीच जात नाही. ही स्पेस कायमची लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फाइल सेव्ह करा, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. झालं!

एका खिडकीतलं दुसऱ्या खिडकीत

वरच्या तिसऱ्या ओळीमुळे प्रत्येक खिडकी आता मूळ वहीत लगेच लिहिते. पण आधीपासून उघडी असलेली दुसरी खिडकी अजून आपलीच झेरॉक्स वाचतेय. तिथे नवी नोंद हवी असेल तर त्या खिडकीत ‘हिस्ट्री डॅश सी’ आणि लगेच ‘हिस्ट्री डॅश आर’ द्या. पहिली कमांड मेमरीतली यादी पुसते, दुसरी फाइलमधली ताजी यादी वाचून घेते.

हे आपोआप व्हावं असं वाटत असेल तर तिसऱ्या ओळीतल्या अवतरणातच ‘डॅश ए’, ‘डॅश सी’, ‘डॅश आर’ या तिन्ही ‘हिस्ट्री’ कमांड याच क्रमानं, मधे अर्धविराम देऊन लिहा. क्रम चुकवू नका. आधी लिहायचं, मग पुसायचं, मग वाचायचं.

पण थांबा. सगळं आपोआप शेअर करण्यात एक धोका आहे. तुम्ही एका खिडकीत सर्व्हरवर फाइल डिलीट करायची कमांड दिली. दुसऱ्या खिडकीत तुमच्या प्रोजेक्टचं फोल्डर उघडं आहे. तिथे मागची साधी कमांड पुन्हा चालवायची म्हणून सवयीनं बाण दाबला, न बघता एंटर मारला, आणि चालली ती डिलीटची कमांड! म्हणून नवशिक्यांनी लगेच लिहिण्याची सोय ठेवावी, शेअरिंग मात्र लागेल तेव्हा हातानं करावं. आणि काहीही झालं तरी बाणानंतर आधी वाचा, मगच एंटर.

‘झेडशेल’वाल्यांसाठी: 2019 पासून मॅकवर आणि 2020 च्या शेवटापासून काली लिनक्सवर हाच शेल मुळातून येतो. त्याच्या ‘डॉट झेडशेलआरसी’ फाइलमध्ये ‘सेटऑप्ट’, जागा, ‘शेअर अंडरस्कोर हिस्ट्री’ लिहिलं की लगेच लिहिणं आणि शेअर करणं दोन्ही होतं. नुसतं लगेच लिहायचं असेल तर त्याऐवजी ‘इंक अंडरस्कोर अपेंड अंडरस्कोर हिस्ट्री’. किती ओळी जपायच्या हा आकडा इथे ‘सेव्हहिस्ट’मध्ये द्यावा लागतो.

लॅबमधला पीसी, सगळ्यांची वही

हिस्ट्रीची फाइल बॅश अशी बनवतो की ती ज्याच्या लॉगिनची त्यालाच वाचता यावी. त्याखेरीज मशीनच्या ॲडमिनला. पण लॅबमध्ये सगळ्या बॅचला मिळून एकच लॉगिन असेल तर? मग मशीनच्या लेखी तुम्ही सगळे एकच माणूस. कुणीही कुणाचंही वाचू शकतो.

यावर खरा उपाय एकच, प्रत्येकाला वेगळं लॉगिन. लॅब सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना तसं सांगा. लिनक्सवर नवीन यूजर तयार करणं हे काही मिनिटांचं काम आहे. तोवर तुमच्या हातात असलेल्या गोष्टी अशा:

बसल्या बसल्या पहिली कमांड द्या, ‘अनसेट हिस्टफाइल’, यातलं दुसरं नाव कॅपिटलमध्ये. मग त्या टर्मिनलमधलं काहीही फाइलमध्ये जाणार नाही. निघताना तुमच्या कमांड सोबत हव्या असतील तर ‘हिस्ट्री’, मग ‘पेक्षा मोठं’ चिन्ह, मग पेनड्राइव्हवरच्या फाइलचं नाव. प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड लिहायला आयता कच्चा मसुदा मिळतो.

पासवर्ड कमांडमध्ये कधीच लिहू नका. डेटाबेसला जोडताना पासवर्ड न देता नुसतं ‘डॅश पी’ दिलं की तो वेगळा विचारतो. असा विचारल्यावर टाइप केलेला पासवर्ड बॅशच्या हिस्ट्रीत जात नाही, ‘सुडो’चाही जात नाही. गिटहबनं ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं, त्यामुळे बरेच जण टोकन वापरतात. ते टोकन कमांडमधल्या लिंकमध्येच चिकटवलं की ते हिस्ट्रीत बसलंच म्हणून समजा. मायएसक्यूएल आणि पायथन आपली वेगळी हिस्ट्री ठेवतात, हेही विसरू नका.

आणि गेलाच एखादा पासवर्ड हिस्ट्रीत, तर? स्वतःच्या मशीनवर बाकीच्या खिडक्या बंद करा. ‘हिस्ट्री’ लावून त्या ओळीचा आकडा बघा. ‘हिस्ट्री डॅश डी’ आणि पुढे तो आकडा द्या, मग ‘हिस्ट्री डॅश डब्ल्यू’. नुसतं ‘डॅश सी’ देऊन समाधान मानू नका. त्यानं मेमरी पुसते, फाइल तशीच राहते. आणि मशीन सगळ्यांचं असेल तर ओळ पुसून भागत नाही. पासवर्ड बदला, टोकन रद्द करा. आधी कुणी वाचलं असेल ते तुम्हाला पुसता येणार नाही.

टर्मिनलशी ओळखच नाही?

हरकत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात, मोफत आहेत. विंडोजवर ‘डब्ल्यूएसएल’ टाकून उबंटू चालवता येतं. लॅपटॉप नसेल तर फोनवरचं टर्मक्स आहेच, आणि त्यातही बॅशच आहे.

टर्मिनल शिकणाऱ्याकडे चुकांचा ढीग असतो आणि त्या ढिगात चाललेली एखादी कमांड. ती परवाच्या व्हायव्हात, पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टमध्ये, कधी पुण्या-नागपुरातल्या पहिल्या नोकरीत पुन्हा लागते. मोठ्या शहरातल्या पोराकडे स्वतःचा लॅपटॉप असेल, न जाणारी लाइन असेल. आपल्याकडे नसेल, तर हे सेटिंग आपल्याला त्याच्याहून जास्त गरजेचं आहे. आज रात्री टर्मिनल उघडाल तेव्हा सगळं नाही जमलं तरी ती तिसरी ओळ तेवढी घालाच.