अंगठा उमटत नाही म्हणून पेन्शन बुडत नाही

सोनगीरला अंगठे हातोड्याने झिजतात. धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा रस्त्यावर, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात ओळखलं जातं. जन्मभर पत्रा ठोकणाऱ्याच्या बोटांवरच्या रेषा म्हातारपणी पुसट होतात आणि सरकारला त्या रेषा हव्या असतात नेमक्या त्याच वयात. सेवा केंद्रातल्या यंत्रावर तीन-चार वेळा बोट टेकवून झालं की म्हातारा हात झटकतो, ‘मना आंगठा उमटत नही, आते पेन्शन बंद.’

अंगठा न उमटल्याने पेन्शन बंद होत नाही. पण तिकडे वळण्याआधी त्या म्हाताऱ्याला एक प्रश्न विचारायला हवा: बाबा, तुमची पेन्शन कोणती?

कारण आपल्याकडे महिन्याला खात्यात पडणाऱ्या कुठल्याही सरकारी पैशाला ‘पेन्शन’च म्हणतात. हायस्कुलातून निवृत्त झालेल्या गुरुजींची पेन्शन, एसटीतून निवृत्त झालेल्या वाहकाची पेन्शन आणि शेजारच्या विधवा आजींचं संजय गांधीचं अनुदान, सगळ्यांना एकच शब्द. पैसा देणारं दार मात्र प्रत्येकाचं वेगळं. गुरुजींचं दार जिल्हा कोषागार, वाहकाचं भविष्य निर्वाह निधी संघटना, आजींचं तहसील कार्यालय. माझ्या मते ऑनलाइनचे निम्मे घोटाळे इथेच होतात. एका दाराचा कागद दुसऱ्या दारात टाकला जातो आणि मग ‘ऑनलाइन केलं होतं की!’ म्हणून वाद होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. नोकरीनंतरच्या पेन्शनला पीपीओ नंबर असतो, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक. ‘जीवन प्रमाण’ नावाची केंद्र सरकारची जी ऑनलाइन सोय आहे, ती या पीपीओवाल्यांची. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेत पीपीओ नसतो. त्यांच्या हयातीची नोंद तहसीलची संजय गांधी शाखा सांगेल त्या पद्धतीने करायची. नोव्हेंबर आला की निराधार योजनेतल्या आजीही जीवन प्रमाणच्या रांगेत उभ्या राहतात आणि केंद्रचालकाला माहिती नसेल तर तोही त्यांना उभं राहू देतो.

आता अंगठ्याकडे येऊ. जीवन प्रमाणची सुरुवात १० नोव्हेंबर २०१४ ला झाली, तेव्हा सगळा भर बोटांच्या ठशावर आणि डोळ्यांच्या बुबुळांवर होता. नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. साध्या अँड्रॉइड फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप घ्यायची, आधार आणि पीपीओ नंबर भरायचा, उजेडात बसून कॅमेऱ्याकडे बघायचं आणि सांगेल तेव्हा पापण्यांची उघडझाप करायची. आधारवरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा वाटावा इतका चेहरा बदलला असेल, तर आधी आधार केंद्रात फोटो नवा करून घ्यावा. स्वतःच्या घरी, स्वतःच्या फोनवर केलं तर याला एक पैसा लागत नाही. तेही जमणार नसेल तर पोस्टमनला घरी बोलावता येतं. पोस्टाची पेमेंट्स बँक नाममात्र शुल्क घेऊन घरबसल्या दाखला काढून देते.

आणि ज्यांना फोन नको, चेहरा नको, पोस्टमनही नको, त्यांचं काय? ‘आता कागदी दाखला चालत नाही, सगळं ऑनलाइनच झालंय’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ते चूक आहे. बँकेत जाऊन सही करण्याची जुनी पद्धत रद्द झालेली नाही. राज्य सरकारचे निवृत्त कर्मचारी नोव्हेंबरमध्ये बँकेत कोषागाराच्या यादीवर आपल्या नावासमोर सही करतात, ती आजही चालते. उलट निवृत्तीनंतर ज्यांनी पुन्हा नोकरी धरली किंवा पुनर्विवाह केला, त्यांना डिजिटल दाखला चालतच नाही. त्यांनी कागदच द्यायचा असतो.

फोनवर ‘दाखला तयार झाला’ असा संदेश आला म्हणजे काम संपलं, असंही अनेकांना वाटतं. तयार होणं वेगळं आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने तो स्वीकारणं वेगळं. पीपीओचा एक आकडा चुकला किंवा यादीत भलतीच बँक निवडली, तर दाखला तयार होऊनही नाकारला जातो. संदेशात येणारा प्रमाण आयडी जपून ठेवावा आणि आठवड्याभराने जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती बघावी.

नोव्हेंबरचा बाऊही जरा कमी करायला हवा. तो महिना केंद्र आणि राज्य सरकारच्या पेन्शनरांचा. केंद्राचे ८० वर्षांवरचे पेन्शनर ऑक्टोबरपासूनच दाखला देऊ शकतात. कारखान्यातून, गिरणीतून किंवा महामंडळातून निवृत्त झालेल्या ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनवाल्यांनी वर्षात कधीही दाखला द्यावा, तो दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. त्यांनी ३० नोव्हेंबरच्या गर्दीत चेंगरायचं काहीच कारण नाही. तारीख हुकली तर पेन्शन थांबते, कायमची बुडत नाही. केंद्राच्या पेन्शनरांच्या बाबतीत तर दाखला पोचताच मागची थकबाकीही मिळते. तेवढ्यासाठी कुणाला ‘सेटिंग’चे पैसे देऊ नयेत.

आता तहसीलचं दार. संजय गांधी निराधार योजना १९८० पासूनची. त्यात ६५ वर्षांखालचे निराधार, विधवा, दिव्यांग येतात; पासष्टीनंतरचे श्रावणबाळ योजनेत जातात. २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि ऑक्टोबर २०२५ पासून या योजनांमधल्या दिव्यांगांना २,५००. हे पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. आणि ‘माझं आधार बँकेला जोडलंय’ या वाक्याने जितके लोक फसतात, तितके दुसऱ्या कशाने फसत नाहीत.

बँकेत आधारची झेरॉक्स देणं म्हणजे केवायसी. थेट लाभासाठी लागते ती वेगळी नोंद, ज्याला बँकेत ‘आधार सीडिंग’ म्हणतात. तुमच्या आधारवर येणारा सरकारी पैसा कुठल्या बँकेत पाठवायचा, हे त्या नोंदीत लिहिलेलं असतं आणि एका वेळी एकच बँक लिहिता येते. शेवटी जिने नोंद केली, ती. म्हणजे आजींचं जुनं खातं सोनगीरच्या बँकेत, पण मध्यंतरी कुणीतरी पोस्टात नवं खातं उघडताना फॉर्मवर एक खूण केली, तर अनुदान पोस्टात जमा होत राहतं आणि आजी इथे दर महिन्याला पासबुक भरून घेऊन ‘पैसे बंद झाले’ म्हणत परततात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती फुकट दिसते. त्यासाठी मोबाइल नंबर तेवढा आधारला जोडलेला असावा लागतो. धुळ्याच्या तहसीलला जायचं एसटीचं भाडं घालवण्याआधी हे बघावं.

लाडकी बहीण आणि संजय गांधी, दोन्हीकडचे १,५०० घेता येतील हाही असाच एक समज. दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढी रक्कम मिळणारी बाई लाडकी बहीणसाठी अपात्र ठरते. ई-श्रम कार्डाचं तर विचारूच नका. ते काढलं की साठीनंतर ३,००० रुपये सुरू होतात, असं गावोगाव सांगितलं गेलं. ई-श्रम ही ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेली असंघटित कामगारांची निव्वळ नोंदणी आहे. ३,००० रुपये आहेत श्रमयोगी मानधन योजनेचे. तिच्यात १८ ते ४० या वयात शिरावं लागतं आणि साठीपर्यंत दरमहा हप्ता भरावा लागतो. पन्नाशीच्या तांबट कारागिराला ते दार कधीच बंद झालेलं आहे.

दिव्यांगांची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे आधी प्रमाणपत्र आणि मग पैसा. जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देशभर यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवरूनच निघतं. म्हणून लोकांना वाटतं की घरून फोटो चढवला की कार्ड घरी येणार. अर्ज घरून होतो, पण तपासणी डॉक्टरच करतात. त्यासाठी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात स्वतः जावंच लागतं. टक्केवारी तिथे ठरते आणि ४० टक्क्यांखाली बहुतेक योजना लागू होत नाहीत. कार्डाचे रंग त्यावरूनच: ४० च्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. निळं कार्ड हातात आलं म्हणून अनुदान आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी तहसीलला वेगळा अर्ज करायचा असतो. आणि दिव्यांग म्हणजे फक्त हात-पाय किंवा डोळे, हे २०१६ च्या कायद्याने मोडीत काढलं आहे. त्या कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या पट्ट्यात जो आजार घरोघरी ऐकू येतो तो सिकलसेलही त्यात आहे. पावरा-भिल्ल कुटुंबांपर्यंत ही गोष्ट अजून पुरेशी पोचलेली नाही.

शेवटी फोनबद्दल. ‘हयातीचा दाखला अपडेट करायचाय, पीपीओ नंबर आणि आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो पेन्शन कार्यालयातला नसतो. कुठलंही पेन्शन कार्यालय असं फोनवर विचारत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अ‍ॅपची फाइल उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

आणि घरातल्या नातवांना एक विनंती. जीवन प्रमाणच्या अ‍ॅपमध्ये फोनवाल्याने स्वतःचं आधार एकदाच नोंदवायचं असतं, मग त्याच फोनवरून कितीही पेन्शनरांचे दाखले काढता येतात. आपल्या आजोबांचं झालं की फोन खिशात घालू नका, गल्लीतल्या बाकीच्या पीपीओवाल्या म्हाताऱ्यांनाही ओट्यावर उजेडात बोलवा.