हजेरी न देणारी डिस्क

शाळा भरली की वर्गशिक्षक हजेरी घेतात. ज्याचे नाव पुकारले जाते तो 'हजर' म्हणतो. कोणी उत्तर दिले नाही, तर तो गैरहजर आहे असे समजतात. संगणकाचेही असेच आहे. संगणक सुरू करताच त्याच्या मदरबोर्डवरील एक छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला बायोस म्हणतात. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआय या प्रोग्रामने घेतली आहे. हा प्रोग्राम मेमरी, कीबोर्ड, डिस्क अशा भागांची हजेरी घेतो. एखाद्या दिवशी डिस्क उत्तर देत नाही. मग पडद्यावर तशा अर्थाचा इंग्रजी संदेश उमटतो आणि संगणक पुढे सरकत नाही.

डिस्क म्हणजे संगणकाचे कपाट. आपण लिहिलेले आणि साठवलेले सारे तिच्यात असते. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज बोटाएवढ्या पट्टीत त्याच्या लाखो पट माहिती बसते. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, तर एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारा एकही भाग नसतो.

समजा, शाळेच्या कार्यालयातील संगणकाने डिस्क ओळखली नाही. तिच्यात मुलांच्या गुणांच्या याद्या आहेत आणि दुसरीकडे त्यांची प्रत नाही. अशा वेळी कोणी घाईने म्हणतो, "डिस्क फॉरमॅट करून टाका." हा सल्ला ऐकू नये. फॉरमॅट करणे म्हणजे कपाट रिकामे करणे. आधी दोष कोठे आहे ते शोधावे.

प्रथम संगणकाला लावलेला पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करून पाहावे. काही वेळा संगणक पेन ड्राइव्हलाच मुख्य डिस्क समजतो. त्याने काम झाले नाही, तर संगणक सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ २' ही कळ दाबून बायोस उघडावे. काही संगणकांत ही कळ वेगळी असते. तेथे जोडलेल्या डिस्कची यादी असते. यादीत डिस्कचे नाव आहे की नाही, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा सारा शोध अवलंबून असतो.

नाव नसेल, तर दोष बहुधा जोडणीत, वीजपुरवठ्यात किंवा खुद्द डिस्कमध्ये असतो. संगणक बंद करावा, प्लग काढावा आणि मोठ्या माणसाला सोबत घेऊनच पेटी उघडावी. आधी पेटीच्या धातूच्या भागाला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक वीज साठून राहते.

साटा पद्धतीच्या डिस्कला दोन जोडण्या असतात. ७ संपर्कांची अरुंद जोडणी माहिती नेते आणि १५ संपर्कांची रुंद जोडणी वीज पुरवते. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. तरीही नाव आले नाही, तर दुसरी केबल लावून पाहावी, मग दुसरा पोर्ट. एका वेळी एकच बदल करावा; नाहीतर दोष कशामुळे गेला ते कळत नाही. काही मदरबोर्डवर एम.२ पट्टी बसवली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. कोणता, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते. शेवटी तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी. तेथे ती दिसली, तर डिस्क चांगली आहे आणि दोष पहिल्या संगणकात आहे.

संगणकाचे घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी ३ व्होल्टची बॅटरी संपली असावी. ती संपली की बायोसच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. मग डिस्क यादीत असूनही संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. बॅटरी बदलून नोंदी पुन्हा नीट कराव्यात.

कधी विंडोज व्यवस्थित सुरू होते, पण जोडलेली दुसरी डिस्क मात्र दिसत नाही. बायोसच्या यादीत तिचे नाव असेल, तर 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. पुष्कळदा डिस्कला 'डी' किंवा 'ई' असे अक्षर मिळालेले नसते. ते दिले की डिस्क दिसू लागते. कोरी नवी डिस्क मात्र वापरण्यापूर्वी तयार करावी लागते. जुन्या डिस्कबाबत 'फॉरमॅट करू का?' असा प्रश्न आला, तर नकार द्यावा.

हार्ड डिस्कमधून टक्‌टक्‌ असा आवाज वारंवार येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करावा. ती पुनःपुन्हा चालवल्यास तबकड्यांवर ओरखडे पडून उरलेली माहितीही जाऊ शकते. अशी डिस्क जाणकाराकडेच द्यावी.

मुलांनो, डिस्क आज ना उद्या थकणारच. बिघडलेली डिस्क बदलता येते, पण पुसलेली माहिती बाजारात मिळत नाही. म्हणून महत्त्वाच्या कामाची एक प्रत नेहमी दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. मग एखाद्या सकाळी डिस्कने हजेरी दिली नाही, तरी शाळेचे काम अडणार नाही.