मोह, माडी आणि सरासरीचा आकडा

बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) तिथल्या पंधरा वर्षांवरच्या १५.५ टक्के पुरुषांनी आपण दारू पितो असं सांगितलं. परमिट रूम राजरोस चालणाऱ्या महाराष्ट्रात हे प्रमाण १३.९ टक्के निघालं. बंदी असलेल्या राज्यात सगळेच खरं सांगत नसणार, तेव्हा बिहारचा प्रत्यक्ष आकडा याहून मोठाच असावा.

कायद्याने उत्तर मिळत नाही म्हणून नकाशा पाहावा. पुरुषांमध्ये अरुणाचल ५३ टक्के, तेलंगणा ४३, सिक्कीम ४०, गोवा ३७. लक्षद्वीपमध्ये अर्धा टक्काही नाही. दारूसाठी बदनाम केरळ मात्र २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशाच्या १९ टक्क्यांना जवळजवळ चिकटून. पण मला खरा उलगडा होतो तो बायकांच्या रकान्यात. देशात जेमतेम एक टक्का स्त्रिया पितात, महाराष्ट्रात ०.४ टक्के, अरुणाचलात मात्र २४ आणि सिक्कीममध्ये १६.

तिथे पेय घरात तयार होतं आणि ते करणारे हात बहुधा बाईचे असतात. अरुणाचलातली आपोंग तांदळाची किंवा भरड धान्याची. सिक्कीममध्ये नाचणी आंबवून बांबूच्या नळकांड्यात भरतात, वर गरम पाणी ओततात आणि नळीने सावकाश ओढतात; ती तोंगबा. झारखंडची हंडिया भाताची. ही पेयं पाहुणचारात, पेरणी-कापणीत, पूजेत असतात. उरलेल्या बहुतेक देशात दारू म्हणजे दुकानातून आणलेली, ऊर्ध्वपातन केलेली कडक बाटली, आणि पिणारा पुरुष. सर्वेक्षणाच्या या टक्केवारीत दोघांचं उत्तर एकच: ‘हो, पितो.’ घरची पेयं निरुपद्रवी आहेत असं मी म्हणत नाही. पण नुकसान मोजायचं तर काय, किती आणि कुणाच्या पैशाने प्यालं जातं हे विचारावंच लागेल.

आपल्याकडेही घरची परंपरा होती. ती मोडली सरकारी तिजोरीने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क मक्तेदारांकडे एकवटत गेला. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी, दारू ज्यांपासून गाळत त्या मोहफुलांवरच कायदा आला: अंगणातल्या झाडाखाली पडलेलं फूल बाळगणंही गुन्हा ठरू लागलं. आदिवासी आता दुकानदाराची दारू उधारीवर पिऊ लागला आणि तोच दुकानदार त्याचा सावकार, पुढे जमिनीचा मालक झाला. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून निघालेली ‘देवी’ दक्षिण गुजरातपर्यंत गेली. अंगात आलेल्यांच्या तोंडून ती आज्ञा देई: दारू-ताडी सोडा, पारशी दुकानदाराकडे काम करू नका. डेव्हिड हार्डीमन यांनी या चळवळीवर पुस्तकच लिहिलं आहे. पिणं सोडण्यामागे इतकं स्पष्ट अर्थकारण सांगणारी चळवळ आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे असायला हवी होती.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० मध्ये गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. गुजरातने बंदी ठेवली, तिथे ५.८ टक्के पुरुष पितात. महाराष्ट्राने परवान्यांची वाट धरली. पण महाराष्ट्राच्या आतही एक नियम नाही. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून बंदी. गडचिरोलीत लोकांच्या दीर्घ आंदोलनानंतर १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. तिन्ही जिल्हे विदर्भातले, एकमेकांना लागून असलेल्या पट्ट्यातले. बंदीच्या जिल्ह्यांच्या वेशीवर दुकानांची गर्दी झाली की बंदी किती पोखरली जाते, हे तिथल्या बायका कुठल्याही अहवालापेक्षा नेमकं सांगतात.

त्याच बायकांच्या हाती राज्याने एक साधन दिलं आहे: गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’वर, म्हणजे बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारला, तर दुकान बंद करावं लागतं. माझ्या मते दारूचं धोरण ठरायला राजधानीतल्या सरासरीपेक्षा ही जागा योग्य आहे. तुमच्या गावात असं मतदान लागलं, तर त्या दिवशी घरातल्या प्रत्येक बाईला केंद्रापर्यंत नेण्याची जबाबदारी घ्या. मत न देणारी प्रत्येक बाई तिथे उभ्या बाटलीच्या, म्हणजे दुकानाच्याच, बाजूने मोजली जाते.