सूक्ष्मजंतूंची साक्ष

खुनाच्या खटल्यात ‘कोणी मारले’ या प्रश्नाइतकाच ‘केव्हा मारले’ हा प्रश्नही निर्णायक असतो. पुष्कळदा दुसऱ्याच्या उत्तरावरच पहिल्याचे उत्तर अवलंबून असते. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसेल, तर मृत व्यक्ती अखेरची कोणाबरोबर दिसली याला महत्त्व येते. परंतु ती जिवंत दिसल्याची वेळ आणि मृत आढळल्याची वेळ यांतील अंतर इतके अल्प हवे की, तिसऱ्या कोणाचा हात असण्याची शक्यताच उरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. अशा खटल्यांत मृत्युकालाच्या अंदाजात एक-दोन दिवसांचा फरक पडला, तर निरपराध मनुष्य तुरुंगात जाऊ शकतो किंवा गुन्हेगार मोकळा सुटू शकतो.

हा अंदाज बांधण्याची वैद्यकाची जुनी साधने सर्वपरिचित आहेत. शरीर थंड होणे, स्नायू ताठरणे, रक्त शरीराच्या खालच्या बाजूस साकळणे ही ती लक्षणे होत. मात्र ती पहिल्या एक-दोन दिवसांतच उपयोगी पडतात. नंतर प्रेत कुजू लागते आणि तेथून खरे राज्य सुरू होते ते सूक्ष्मजंतूंचे. मनुष्य जिवंत असताना आतड्यांतील अब्जावधी जिवाणूंना शरीराची प्रतिकारशक्ती मर्यादेत ठेवते. मृत्यूबरोबर तो पहारा उठतो. पोटाच्या खालच्या उजव्या बाजूस प्रथम हिरवट डाग उमटतो, कारण मोठ्या आतड्याचा आरंभ तेथेच असतो. जिवाणूंनी निर्माण केलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूची रक्तातील रंगद्रव्याशी क्रिया होऊन हा रंग येतो. भारतात उन्हाळ्यात हा डाग बारा ते अठरा तासांत दिसतो, तर हिवाळ्यात त्याला एक-दोन दिवस लागतात. एकाच खुणेचा अर्थ ऋतूप्रमाणे असा बदलतो.

मग कुजण्याच्या या क्रियेतच एखादे अधिक विश्वसनीय घड्याळ दडलेले आहे काय? पोट फुगून फुटेपर्यंत प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंचा जोर असतो. पुढे बाहेरचे जिवाणू आणि बुरशी त्यांची जागा घेतात. हा क्रम ठराविक असेल, तर प्रेतावर कोणते सूक्ष्मजंतू किती प्रमाणात आहेत यावरून मृत्यूला किती दिवस झाले ते सांगता यावे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली मृत उंदरांवर ४८ दिवस निरीक्षणे करून सुमारे तीन दिवस मागेपुढे इतक्या अचूकतेने हा हिशेब मांडला. पुढे टेनेसी, टेक्सास आणि कोलोरॅडो या तीन राज्यांत, शास्त्रासाठी दान केलेल्या ३६ मानवी देहांवर वेगवेगळ्या ऋतूंत प्रयोग झाले. प्रत्येक देहाच्या त्वचेचे व भोवतालच्या मातीचे नमुने २१ दिवस रोज घेण्यात आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, हवामान भिन्न असूनही विघटन करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा एक समान समूह सर्वत्र आढळला आणि अंदाज पुन्हा सुमारे तीन दिवसांच्या फरकाने जुळला.

यश मोठे आहे, परंतु त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ते देह उघड्या जमिनीवर, संशोधकांच्या देखरेखीखाली ठेवलेले होते. खून झालेल्यांची प्रेते विहिरीत, खाडीत, पोत्यात किंवा उसाच्या फडात सापडतात. कोकणातील आषाढाची ओल आणि चंद्रपूरचे वैशाखातले ऊन त्या तीन ठिकाणांच्या अनुभवात नाही. शिवाय जेथे तासांचा प्रश्न असेल, तेथे तीन दिवसांची चूक क्षम्य ठरणार नाही.

सूक्ष्मजंतू साक्ष देतात, तसे ते चकवितातही. कुजताना ते शरीरातील साखरेपासून मद्यार्क तयार करतात. जन्मात दारूला न शिवलेल्या अपघातग्रस्ताच्या रक्तातही तो आढळू शकतो, आणि त्याच्या विधवेचा विम्याचा दावा त्यावर अडू शकतो. यावर उपाय अवघड नाही. रक्ताच्या नमुन्यात सोडियम फ्लोराइड घालावे, तो थंड ठेवावा, आणि जिवाणू उशिरा पोहोचतात त्या डोळ्यातील द्रवाचीही तपासणी करावी. एवढी साधी दक्षता न घेतल्यास दोष शास्त्राचा नव्हे, हलगर्जीपणाचा असेल.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा असे बंधन घातले आहे. मात्र त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. या मुदतीचा सदुपयोग व्हावयास हवा. घटनास्थळाचे तापमान, प्रेताखालची माती, पाण्याचा स्पर्श यांची नोंद पंचनाम्यात येऊ लागली, तरी पुढील संशोधनाचा पाया घातला जाईल. महाराष्ट्रात देहदानाची भावना रुजलेली आहे. दात्याच्या स्पष्ट संमतीने आणि मृतदेहाचा मान राखून, येथील माती व ऋतूंमधील विघटनाचा अभ्यास वैद्यकीय महाविद्यालयांना हाती घेता येईल.

तज्ज्ञाचे मत ऐकण्याची मुभा कायद्याने न्यायालयाला दिली आहे, ते डोळे मिटून स्वीकारण्याची सक्ती केलेली नाही. सूक्ष्मजंतूंना वैर नसते की लोभ नसतो, म्हणून त्यांची साक्ष मोलाची. परंतु ती बोलणार तज्ज्ञाच्या मुखातून, आणि तज्ज्ञ चुकू शकतो. म्हणूनच या नव्या साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी त्याची उलटतपासणी येथल्याच मातीत झाली पाहिजे.